फेमटोसेकंद लेसर आणि रेणूंची हालचाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर चिठ्ठ्यांवर, मेलवर आणि फोनवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न शाळकरी मुलांनाही झेपतील. शेवटचे तीन-चार मात्र या कामात हात घातलेल्यांचे आहेत. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फेमटोसेकंद म्हणजे नेमका किती वेळ?

एका सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या संख्येनं भागायचं. हे सांगून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून उलटं सांगते: सेकंदापुढे फेमटोसेकंद जेवढा, तेवढाच ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे एक सेकंद.

मला स्वतःला लांबीत विचार करणं सोपं जातं. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एका फेमटोसेकंदात तो ०.३ मायक्रोमीटर सरकतो. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड, म्हणजे तो ओलांडायला प्रकाशालाही सव्वादोनशेहून थोडे जास्त फेमटोसेकंद लागतात. हा केस लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. हजार फेमटोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद.

२. पण एवढ्या बारीक वेळेत बघण्यासारखं असतं तरी काय?

अणू हलत असतात. रासायनिक क्रियेत अणूंचा वेग ढोबळमानानं सेकंदाला एक किलोमीटर धरा. बंधाची लांबी एक-दोन अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या वेगानं एक अँगस्ट्रॉम जायला अणूला १०० फेमटोसेकंद लागतात. बंध तुटणं, जुळणं, रेणूनं पीळ घेणं हे सगळं याच मापात उरकतं. हलके अणू आणखी चपळ: हायड्रोजनच्या रेणूचं एक कंपन साडेसात फेमटोसेकंदांत पुरं होतं. आयोडिनचे अणू जड आणि बंधही ढिला, त्यामुळे तिथे एका कंपनाला दीडशेच्या वर लागतात.

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर अमेरिकेत वाद होता. १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून तो मिटवला, आणि पाय सुटतात हे दिसलं. शटर उघडं असताना पाय फार हलता कामा नये, एवढीच अट होती. आमची अट तीच आहे, फक्त घोडा लहान आहे.

३. ताई, इतका फास्ट कॅमेरा मिळतो कुठे? (नववीतल्या मुलाचा प्रश्न)

मिळत नाही. जगातलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स १० फेमटोसेकंदांत उघडझाप करू शकत नाही. आमचा डिटेक्टर यापुढे अगदी गोगलगाय असतो आणि त्यानं काही बिघडत नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

लेसरमधून निघालेला एक स्पंद (लॅबमध्ये सगळे ‘पल्स’च म्हणतात) अर्धपारदर्शक आरशावर पाडून त्याचे दोन भाग करतात. पहिला भाग रेणूंवर आदळून क्रिया सुरू करतो, त्याला पंप म्हणतात. दुसरा भाग, म्हणजे प्रोब, थोड्या लांबच्या वाटेनं फिरवून आणतात. वाट जितकी लांब, तितका तो उशिरा पोचतो. पोचला की त्या क्षणी रेणू कसे आहेत याची खूण घेऊन पुढे जातो: कुठला रंग किती शोषला गेला, कुठला नव्यानं चमकला. ही खूण वाचायला डिटेक्टरला हवा तेवढा वेळ आहे, कारण प्रोब तिथे होता तो क्षण आधीच ठरून गेलेला असतो.

वाट लांबवायला आरशांची एक जोडी छोट्या रुळावर बसवलेली असते. जोडी एक मायक्रोमीटर मागे घेतली की प्रकाशाला जाताना एक आणि येताना एक असे दोन मायक्रोमीटर जास्त पडतात, म्हणजे ६.७ फेमटोसेकंद उशीर. १५ सेंटीमीटर मागे घेतली की एक नॅनोसेकंद. आमच्या टेबलावर वेळ मोजायला घड्याळ नसतं, मोजपट्टी असते.

४. म्हणजे एका रेणूचा सिनेमा काढता?

एका रेणूचा नाही. एका वेळी अब्जावधी रेणू असतात, आणि उशीर बदलत बदलत तोच प्रयोग हजारो वेळा करावा लागतो.

शाळेच्या मैदानावर पाचशे मुलं लेझीम खेळताहेत असं समजा. शिट्टी वाजली की सगळी एकदम पहिला हात करतात. लांब गच्चीवरून एकेक मूल दिसत नाही, पण हात वर गेले की खाली, हे सहज कळतं. पंप म्हणजे ती शिट्टी. तिच्याशिवाय पाचशे मुलं आपापल्या तालात खेळली, तर गच्चीवरून नुसती वळवळ दिसेल. शिट्टीनंतरही ताल कायमचा टिकत नाही, कुणी पुढे जातो, कुणी मागे राहतो. रेणूंचंही तेच होतं, आणि ताल किती वेळात विस्कटला ही मोजण्यासारखीच गोष्ट असते.

एक कटकट राहते. बंध एकदा तुटला की तो रेणू पुढच्या फेरीला निकामी. म्हणून द्रावण पंपानं (हा साधा पाण्यासारखा पंप) सतत वाहतं ठेवतात, किंवा नमुन्याची कुपी गोल फिरवतात.

५. हे पहिल्यांदा कुणी केलं?

क्रिया उजेडानं सुरू करायची आणि उजेडानंच बघायची, ही कल्पना केंब्रिजच्या नॉरिश आणि पोर्टर यांची, १९४० च्या दशकाच्या अखेरीची. त्यांच्याकडे फ्लॅशचे दिवे होते, त्यामुळे मजल मिलीसेकंद-मायक्रोसेकंदांपर्यंतच गेली. १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना आणि आयगेन यांना मिळालं. फेमटोसेकंदांपर्यंत हे नेलं कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये अहमद झेवैल यांनी. ते मूळचे इजिप्तच्या दमनहूर गावचे, आणि १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

१९८७ मध्ये त्यांच्या गटानं आयोडिन सायनाइडच्या रेणूतला बंध तुटताना पाहिला, त्याला सुमारे २०० फेमटोसेकंद लागले. पण माझा आवडता प्रयोग त्यानंतरचा, सोडियम आयोडाइडचा. हे क्षार तापवून त्याची वाफ करतात. पंपानं रेणूला ऊर्जा दिली की सोडियम आणि आयोडिन एकमेकांपासून लांब जाऊ लागतात. सुमारे सात अँगस्ट्रॉमवर दुवाट लागते. तिथे बहुतेक जोड्या आयनांच्या रूपात जातात, धन आणि ऋण भारांची ओढ त्यांना परत खेचते, आणि रेणू पुन्हा आखडतो. थोड्या जोड्या मात्र दुसऱ्या वाटेनं निसटून सुट्या होतात. मग पुन्हा लांब, पुन्हा दुवाट, पुन्हा थोडी गळती. एका फेरीला सव्वा पिकोसेकंद.

आता बघायचं कसं? सुट्या सोडियमचा रंग आपल्या ओळखीचा आहे: रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांचा पिवळा, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. प्रोब या रंगावर ठेवला तर आलेखावर पायऱ्या दिसतात. प्रत्येक फेरीला काही सुटे सोडियम जमेत पडतात आणि संकेत एक पायरी चढतो. प्रोब या रंगापासून जरा बाजूला नेला तर पायऱ्या जाऊन लाटा येतात, कारण आता न सुटलेले, मागे-पुढे डुलणारे रेणू दिसत असतात. प्रयोग तोच, फक्त प्रोबचा रंग बदलला, आणि गोष्टीची दुसरी बाजू समोर आली. हे दोन आलेख मी प्रत्येक व्याख्यानात दाखवते.

६. इतका छोटा स्पंद लेसरमधून निघतो कसा?

लाल लेसर-पॉइंटरचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा असतो. त्यातून छोटा स्पंद निघणं शक्यच नाही. स्पंद जितका आखूड हवा, तितके जास्त रंग लागतात, आणि ते सगळे ठरलेल्या एका क्षणी एका पावलावर यावे लागतात. टायटेनियम घातलेल्या नीलमणी-स्फटिकाच्या लेसरमध्ये ८०० नॅनोमीटरच्या आसपास रंगांचा मोठा पट्टा मिळतो. शंभर फेमटोसेकंदांच्या स्पंदाला त्यातला ९-१० नॅनोमीटरचा पट्टा पुरतो, दहाच्या स्पंदाला त्याच्या दसपट.

रंग एका पावलावर येणं याला मोड-लॉकिंग म्हणतात. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात असं दिसलं की हा स्फटिक ते स्वतःच जमवतो: तीव्र प्रकाश स्फटिकात आपोआप एकवटतो, म्हणून स्पंदाच्या रूपात फिरणाऱ्या प्रकाशाचं नुकसान कमी होतं आणि तोच टिकतो.

प्रत्यक्षात कित्येकदा काय करावं लागतं सांगू? लेसर चालू असतो, स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर सुईसारखी एक रेघ. आतल्या एका आरशाच्या स्टँडला बोटानं टिचकी मारायची. क्षणभर काही नाही, आणि मग ती सुई फसकन रुंद होऊन टेकडीसारखी होते. लॉक झाला. आता सेकंदाला सुमारे आठ कोटी स्पंद. लाखो रुपयांचं यंत्र टिचकीनं सुरू होताना पाहून नवे विद्यार्थी हसतात.

७. मॅडम, इतका छोटा स्पंद मोजता कशानं? त्याहून छोटं काही हवं ना?

हवं, पण नसतं. म्हणून स्पंद त्याच्याच जुळ्यानं मोजतात. दोन प्रती पातळ बीबीओ स्फटिकात (हा लाल प्रकाशातून निळा बनवतो) तिरक्या एकमेकांवर टाकायच्या. दोन्ही एकाच वेळी पोचल्या तरच दोन लाल ठिपक्यांच्या मधोमध तिसरा, निळा ठिपका उमटतो. रूळ सरकवत निळा ठिपका कुठून कुठपर्यंत टिकतो ते बघितलं की स्पंदाची लांबी निघते.

पंप आणि प्रोब एकाच वेळी पोचण्याची जागा, म्हणजे ‘शून्य वेळ’, हुडकायलाही हीच युक्ती. शंभर फेमटोसेकंदांच्या स्पंदांसाठी ती जागा रुळावर १५ मायक्रोमीटरची, प्रश्न १ मधल्या केसाच्या पाव जाडीहूनही कमी. आधी ऑसिलोस्कोपवर सेंटीमीटरभरापर्यंत यायचं, मग खोलीतले दिवे घालवून रूळ मुंगीच्या पावलानं सरकवत बसायचं. निळा ठिपका दिसला की चहा.

८. अनिश्चिततेचं तत्त्व आड येत नाही का? वेळ इतकी नेमकी, तर ऊर्जा पसरणारच.

पसरते, आणि त्याचा उपयोगच होतो. सुरुवातीला पुष्कळांना हीच शंका होती की ऊर्जा इतकी अंधूक असेल तर रेणूबद्दल कळणार काय. पण रेणूची एकच नेमकी ऊर्जा-पातळी उत्तेजित केली तर अणूंची जागा काळानुसार बदलतच नाही, ती पातळी स्थिर असते. हालचाल दिसायला अनेक पातळ्या एकत्र, एका पावलावर हव्यात. आखूड स्पंदाचा रंगपट्टा रुंद असल्यामुळे तो नेमकं हेच करतो. त्यातून तरंगांचा एक पुंजका तयार होतो आणि तो चेंडूसारखा इकडून तिकडे जातो. म्हणजे रंग बरेच लागतात ते दोन्हीकडे: स्पंद आखूड व्हायलाही (प्रश्न ६) आणि रेणू हलताना दिसायलाही.

९. लोखंड गंजायला वर्षं लागतात. मग सगळ्या क्रिया फेमटोसेकंदांत होतात असं कसं म्हणता?

एसटी स्टँडवर दोन तास गाडीची वाट बघता, आणि गाडी आली की दहा सेकंदांत चढता. प्रवासी सुटायला दोन तास लागले म्हणून चढणं दोन तासांचं होत नाही. रेणूला पुरेशी ऊर्जा आणि योग्य दिशेची टक्कर मिळेपर्यंत लाखो-कोटी टकरा फुकट जातात. वर्षं लागतात ती या वाट बघण्याला. एकेक बंध प्रत्यक्ष तुटतो-जुळतो तो मात्र दहा ते काही शे फेमटोसेकंदांतच.

अपवाद आहेत. प्रथिनाची घडी पडणं हे मुळातच एक पाऊल नव्हे, असंख्य पावलांची वरात आहे, आणि ती मायक्रोसेकंद ते सेकंद चालू शकते. कधी क्रियेच्या सुरुवात आणि शेवट या दोन टोकांच्या मध्ये ऊर्जेचा खळगा असतो आणि रेणू त्यात काही पिकोसेकंद घुटमळतो.

१०. अंधारात, नुसत्या उष्णतेनं होणाऱ्या क्रिया अशा बघता येतात का?

अवघड आहे, आणि हे सहसा कुणी उघडपणे सांगत नाही. फेमटोरसायनाची गाजलेली बहुतेक उदाहरणं उजेडानं होणाऱ्या क्रियांची आहेत, कारण तिथे शिट्टी आयती मिळते (प्रश्न ४). उष्णतेनं होणाऱ्या क्रियेत प्रत्येक रेणू आपल्या वेळेनं निघतो.

यावर झेवैल यांच्या गटानं एक पळवाट काढली. हायड्रोजन आयोडाइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू थंड वायुझोतात ढिलेपणानं चिकटवून ठेवायचे. पंपानं हायड्रोजन आयोडाइड फोडला की सुटा हायड्रोजन शेजारच्या कार्बन डायऑक्साइडवर जाऊन आदळतो. दोन रेणूंची टक्कर, पण सुरुवात ठरल्या क्षणी. असे जोड जमवता आले तरच ही युक्ती चालते.

११. याचा आपल्या शरीराशी काही संबंध?

तुम्ही आत्ता वाचताय तोच. डोळ्याच्या पडद्यावरच्या ऱ्होडॉप्सिनमध्ये रेटिनल नावाचा वाकडा रेणू असतो. प्रकाश पडला की तो पीळ उलगडून सरळ होतो, आणि त्यातून पुढे ‘दिसलं’ हा निरोप मेंदूकडे जातो. १९९१ मध्ये मोजलं गेलं की हा पीळ सुमारे २०० फेमटोसेकंदांत उलगडतो. प्रश्न १ मधला केस प्रकाश ओलांडायच्या आत! बाहेरून दिलेली ऊर्जा उष्णतेत वाया जायच्या आधी काम उरकायचं, म्हणून ही घाई. डीएनएच्या घटकांचंही असंच आहे: अतिनील किरणांची ऊर्जा ते बहुधा एका पिकोसेकंदाच्या आत उष्णतेत जिरवतात, बंध मोडायला सवडच देत नाहीत.

१२. पण अणू प्रत्यक्ष ‘दिसतात’ का, की सगळं अंदाजपंचे?

वर सांगितलेल्या प्रयोगांत अणूंच्या जागा थेट दिसत नाहीत. दिसतो रंग, आणि रंगावरून जागा काढायला गणित लागतं. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश बंधाच्या लांबीपेक्षा काही हजारपट लांब आहे. थेट जागा हव्या असतील तर क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन यांचं विवर्तन (अणूंवरून विखुरून उमटणारी नक्षी) हवं. त्यासाठी कॅलिफोर्नियातलं एलसीएलएस हे क्ष-किरण लेसर २००९ मध्ये सुरू झालं आणि हॅम्बुर्गजवळचं ३.४ किलोमीटर लांबीचं युरोपियन यंत्र २०१७ मध्ये. सायक्लोहेक्झाडाइनचं सहा कार्बनांचं कडं उघडतानाची चित्रं अशा यंत्रावरून मिळाली आहेत. तिथेही पंप म्हणून साधा फेमटोसेकंद लेसरच असतो.

१३. २०२३ चं नोबेल अ‍ॅटोसेकंदाला मिळालं. मग फेमटो जुनं झालं?

नाही. अ‍ॅटोसेकंद फेमटोसेकंदाचा हजारावा भाग, आणि ते इलेक्ट्रॉनांचं माप आहे. बोरच्या चित्रात हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन एक फेरी सुमारे १५० अ‍ॅटोसेकंदांत मारतो. तेवढ्या वेळात अणुकेंद्र जागचं हलतही नाही. अणूंची हालचाल बघायची तर आणखी आखूड स्पंदानं फारसं काही हाती लागत नाही.

१४. हवा तो बंध लेसरनं तोडता येईल का?

सगळ्यांना हेच स्वप्न पडलं होतं. अडचण अशी की एका बंधात ओतलेली ऊर्जा पिकोसेकंदांत सगळ्या रेणूभर पसरते, आणि मग जो बंध कमजोर तोच तुटतो. स्पंदाचे रंग वेगवेगळे करून प्रत्येकाची वेळ आणि तीव्रता घडवून काही रेणूंत कौल थोडाफार फिरवता आला आहे. कारखान्यात वापरण्याजोगं मात्र यातून काही आलेलं नाही.

१५. लेसरपाशी स्पंद १० फेमटोसेकंदांचा होता, नमुन्यापाशी १२० निघाला. लेसर बिघडला का?

बहुधा वाटेत काच आहे. काचेत तांबडा रंग निळ्यापेक्षा वेगानं जातो, त्यामुळे एका पावलावरचे रंग पांगतात. १० फेमटोसेकंदांचा स्पंद साध्या ऑप्टिकल काचेच्या एका सेंटीमीटरमधून गेला की सुमारे बारापट लांबतो. शंभरचा स्पंद तेवढ्याच काचेत नावालाही बदलत नाही. भिंगं काढून वक्र आरसे लावा, खिडक्या पातळ घ्या, आणि उरलेलं चर्प्ड आरशांनी (हे प्रत्येक रंगाला वेगळा उशीर देतात) किंवा प्रिझमच्या जोडीनं उलटं फिरवा.

१६. एवढी ताकद म्हणतात, मग मीटर १ वॅटच का दाखवतो? आणि धोका किती?

एका स्पंदात एक मिलीज्यूल, म्हणजे एक ग्रॅम वजन १० सेंटीमीटर उचलण्याइतकी ऊर्जा. असे सेकंदाला हजार स्पंद, म्हणून सरासरी १ वॅट. पण तो मिलीज्यूल १०० फेमटोसेकंदांत येतो, तेव्हा त्या क्षणापुरती शक्ती १० गिगावॅट होते, कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाच्या पाचपट. इतकी ताकद वाढवताना यंत्र स्वतःच जळू नये म्हणून स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग आखडायचा, ही युक्ती स्ट्रिकलंड आणि मुरू यांची, १९८५ ची. २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

धोका डोळ्यांना. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो, म्हणून माणूस गाफील राहतो. चष्मा लावा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. खाली पडलेला स्क्रू उचलताना टेबलाच्या पातळीवरून डोळे नेऊ नका. नेहमी मोडला जातो तो हाच नियम.

१७. शून्य वेळेवर मोठं टोकदार शिखर येतंय. नवी, अतिवेगवान क्रिया सापडली का?

मला सापडली होती. ८० फेमटोसेकंदांची. आठवडाभर हवेत होते, वहीत तिचं नावही ठरवलं होतं. मार्गदर्शकांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, “नुसतं द्रावक ठेवून बघितलंस?” बघितलं. शिखर तसंच्या तसं.

पंप आणि प्रोब एकमेकांवर पडलेले असताना द्रावकात आणि कुपीच्या काचेतही परस्परांवर परिणाम करतात, आणि असा खोटा संकेत येतो. त्याची रुंदी साधारण स्पंदांच्या रुंदीएवढीच असते, तिथेच शंका घ्यावी. प्रोब पांढरा असेल तर आणखी एक भानगड: त्यातला तांबडा आधी आणि निळा नंतर पोचतो (कारण प्रश्न १५), म्हणून प्रत्येक रंगाचा शून्य वेगळा. ते दुरुस्त केलं नाही तर निळ्याकडे ‘उशिरा जन्मणारी अवस्था’ दिसते, आणि ती नसते.

१८. संकेतात लाटा दिसतात. त्या माझ्या रेणूच्याच आहेत हे कशावरून?

आधी प्रश्न १७ प्रमाणे नुसतं द्रावक मोजा. पुष्कळ द्रावकांना स्वतःची कंपनं असतात आणि ती छान, ठळक दिसतात. मग पंपाची शक्ती निम्मी करा. संकेतही निम्मा झाला तर ठीक, पाव झाला तर एका रेणूत दोन फोटॉन शिरताहेत आणि तुम्ही भलतीच क्रिया बघताय. मग रूळ उलट्या दिशेनं चालवून पुन्हा मोजा. एसी चालू-बंद होताना आरसे हलतात आणि त्याच्याही सुंदर लाटा येतात, पण त्या उलट्या फेरीत जागा बदलतात. एवढ्यानं भागलं नाही आणि ज्या बंधावर संशय आहे त्यात हायड्रोजन असेल, तर त्याच्या जागी ड्युटेरियम घातलेला रेणू मागवा. महाग पडतो, पण जड अणूमुळे लाटांचा काळ ठरावीक पटीनं, एकट्या त्या बंधाचं कंपन असेल तर सुमारे १.४ पट, वाढायला हवा. तसा वाढला तर लिहायला बसा.